पिशवीला फुटले मोड : पाण्यावर तरंगणाऱ्या नेमबाजीची पार्श्वभूमी

मे महिन्यातलं सोलापूर ज्यानं काढलंय त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, पारा ४२-४३ ला चिकटून बसलेला असतो आणि रात्री गच्चीवर बादल्या बादल्या पाणी मारलं तरी फरशी गरमच. त्यामुळं हल्ली शहराबाहेरची फार्महाऊस दिवसाच्या भाड्यानं घ्यायचं फॅड आलंय, छोटा स्विमिंग पूल, बाजूला पत्र्याचं शेड, चुलीवरचं जेवण. मागच्या उन्हाळ्यात आम्ही घरची वीस-बावीस माणसं होटगी रोडकडं अशाच एका ठिकाणी गेलो आणि भाच्यानं ऑनलाईन मागवलेला एक खेळ तिथं पहिल्यांदा बघितला. फोमची जाड पाटी, मधे वाटोळं भोक, भोकाखाली जाळी आणि चार छोट्या पिशव्या. पाटी पाण्यात सोडायची, लांब उभं राहायचं, पिशवी भोकात टाकायची. बास.

"एवढ्याला एवढे पैसे?" आईचा पहिला प्रश्न. आणि दुपारपर्यंत आईच बरोबर ठरली, कारण चारपैकी दोन पिशव्यांची शिवण उसवली आणि आतले पांढरे प्लॅस्टिकचे दाणे सगळ्या पूलभर पसरले, बुडाले असते तर एक वेळ परवडलं असतं, पण ते तरंगत होते, साबुदाणा सांडल्यासारखे. तिथला रखवालदार जे काय बोलला ते इथं लिहीत नाही. आम्ही सहा जण चहाची गाळणी आणि पोह्याची चाळण घेऊन तासभर ते गोळा करत बसलो.

पुढच्या खेपेला मग आम्ही शहाणे झालो. आमच्या गल्लीत शिलाईकाम करणारी एक अक्का आहे, तिच्याकडं सेकंडच्या टॉवेलच्या कात्रणाचा ढीग असतो (सोलापूर आहे, टॉवेलच्या कात्रणाला काय तोटा), तिच्याकडून चार पिशव्या शिवून घेतल्या आणि आत भरायला घरातली ज्वारी, मालदांडी, एक नंबर. टॉवेलनं पाणी पिऊन घेतलं, दोन-तीन वेळा टाकल्यावर पिशवी ओल्या गोधडीसारखी जड, आणि ज्वारी फुगली. तीन पिशव्या भिजल्या, त्या तशाच डिकीत राहिल्या आणि चौथ्या दिवशी डिकी उघडली तर वास तर होताच, पण शिवणीतून बारीक बारीक पांढरे मोड बाहेर आलेले.

तेव्हा मला वाटलं आपण येडे आहोत. नंतर या खेळाचा इतिहास शोधत बसलो तर कळलं की आपण काही नवीन येडेपणा केला नाही, फेकायची वस्तू नेमकी कशाची करायची ह्याच एका प्रश्नावर हा खेळ शेकडो वर्षं बदलत आलाय.

आता मुळापासून सांगायचं तर तरंगतं लक्ष्य ही आयडिया स्विमिंग पूलवाल्यांची नाहीच. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोक दारूच्या मैफिलीत कोट्टाबोस नावाचा खेळ खेळायचे. हा मूळचा सिसिली बेटावरचा, तिथून अथेन्समधे आला आणि तिथल्या मातीच्या भांड्यांवर त्याची चित्रंच चित्रं आहेत. लोडाला डावा कोपर टेकून आडवं पडायचं, उथळ प्याल्याच्या कानात उजव्या हाताचं बोट अडकवायचं आणि तळाला उरलेला वाईनचा गाळ झटका देऊन लांबच्या लक्ष्यावर उडवायचा, ते पण आवडत्या माणसाचं नाव घेऊन. ह्याचे दोन प्रकार होते, एकात उंच दांड्यावरची तबकडी पाडायची, आणि दुसऱ्यात पाण्यानं भरलेल्या मोठ्या भांड्यात छोट्या छोट्या बशा तरंगत सोडलेल्या असायच्या, त्या गाळ मारून बुडवायच्या. म्हणजे बघा, पाणी आहे, तरंगतं लक्ष्य आहे, लांबून नेम आहे, बक्षीस पण आहे (अंडी, केक, सफरचंद असलं काहीतरी), फक्त फेकायची वस्तू पातळ आहे. सगळा उष्टा कारभार असल्यामुळं आमच्या घरात हा खेळ एक मिनिट चालला नसता तो भाग वेगळा.

चीनमधे जुन्या काळापासून तोंड अरुंद असलेल्या सुरईत बाण हातानं टाकायचा खेळ होता, त्याचे नियम तर त्यांच्या रीतिरिवाजाच्या प्राचीन ग्रंथात लिहून ठेवलेत. आपल्याकडं नेम आणि पाणी म्हटलं की पहिला आठवतो तो द्रौपदी स्वयंवरातला मत्स्यवेध, खाली पाण्यात बघून वरचा मासा मारायचा, पण तिथं तरंगत काही नव्हतं आणि बक्षीस पण सफरचंदाचं नव्हतं.

युरोपात मध्ययुगात लोखंडी कडी लांबून खुंटीवर टाकायचा क्वॉइट्स नावाचा खेळ लोकप्रिय होता. इतका की इंग्लंडमधे १३८८ साली कायदाच काढला, कामकरी माणसांनी हे क्वॉइट्स आणि फुटबॉल वगैरे सोडून धनुष्यबाणाचा सराव करावा, म्हणून. अर्थात कुणी ऐकलं नाही. खुंटी जमिनीत, माती मऊ, कडी जड, त्यामुळं कडी पडली तिथं रुतायची. खेळाची सगळी गंमत ह्या जडपणात होती.

पण हाच खेळ जहाजावर गेला आणि लोखंड बाद झालं. कारण सोपं आहे, लाकडी डेकवर लोखंडी कडी आपटली तर फळ्या फुटणार आणि नेम चुकला तर कडी थेट समुद्रात. मग जहाजावर काय मुबलक असतं? दोर. त्याच दोराची वळून वळून गोल कडी करायची आणि डेकवर आखलेल्या वर्तुळांत टाकायची. इंग्लंड ते मुंबई बोटीनं येणारे साहेब लोक दिवसचे दिवस हेच खेळत यायचे. ह्याच दोराच्या कडीचा आणखी एक वंश म्हणजे डेक टेनिस, जाळीवरून कडी फेकायची आणि झेलायची, आणि त्याचाच जमिनीवर उतरलेला अवतार म्हणजे आपल्या शाळेतला रिंग टेनिस. आमच्या शाळेत पीटीच्या तासाला मुलींना ती रबरी रिंग मिळायची आणि आम्हा पोरांना काहीच नाही, ते दुःख अजून आहे. पण ती रिंग जहाजावरून आलीय हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर एवढं तरी समाधान झालं असतं.

भोक असलेल्या पाटीची गोष्ट अमेरिकेतली. तिथं आज कॉर्नहोल म्हणून जो खेळ गल्लोगल्ली चालतो त्याच्याबद्दल चौदाव्या शतकातल्या कुठल्याशा जर्मन सुताराची आख्यायिका सांगतात, तिला काही आधार नाही. कागदावरचा पुरावा आहे तो १८८३ चा. हेलिगर डी विंट नावाच्या माणसानं घरात बसून खेळायच्या क्वॉइट्सचं पेटंट घेतलं: तिरपी पाटी, तिला चौकोनी भोक, आणि कडीच्या जागी कापडी पिशवी. बघा, पुन्हा तोच प्रश्न, खेळ दिवाणखान्यात आला की लोखंड चालत नाही, म्हणून पिशवी. पुढं मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेळणीवाल्यानं ते हक्क विकत घेऊन फाबा बागा नावानं खेळ बाजारात आणला. भोक वाटोळं नंतर झालं. आजच्या नियमात पाटी ४ फूट बाय २ फूट, भोक ६ इंच, दोन पाट्यांमधे २७ फूट अंतर, पिशवी साधारण ४५० ग्रॅमची. पिशवी भोकात गेली तर ३ पॉइंट, पाटीवर राहिली तर १, आणि आधी २१ करेल तो जिंकला.

आणि नावातच कॉर्न आहे म्हणजे पिशवीत काय असायचं ते कळलंच, मक्याचे सुके दाणे. शेतात पिकतंय, फुकट आहे, भरा. आम्ही ज्वारी भरली, त्यांनी मका भरला, अक्कल सारखीच. मक्याच्या पिशव्यांची रड पण तीच होती, दाणे आपटून आपटून पीठ होतं आणि कापडातून धूळ उडते, ओल लागली की फुगतात, कुजतात, मोड येतात, आणि ठेवून दिल्या की उंदीर. म्हणून स्पर्धावाले आणि पिशव्या करणारे हळूहळू प्लॅस्टिकच्या दाण्यांवर आले. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिनचे दाणे पाणी पीत नाहीत, कुजत नाहीत, आणि पाण्यापेक्षा किंचित हलके असतात. ही शेवटची गोष्ट जमिनीवरच्या खेळात कुणाच्या खिजगणतीत नव्हती, पण पूलमधे तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण नेम चुकलेली पिशवी तळाला गेली तर दर वेळी बुडी मारायला कोण बसलंय. म्हणजे आमच्या पूलभर जे दाणे तरंगत होते आणि ज्यांना आम्ही शिव्या घालत होतो, ते तरंगत होते म्हणूनच तर खेळ चालत होता. शिवण कच्ची होती हा दोष दाण्यांचा नाही.

पिशवी झाली, आता पाटी. लाकडाची पाटी पाण्यावर तरंगते पण भिजून फुगते आणि कुणाच्या डोक्याला लागली तर टाके. इथं दोन वस्तू कामाला आल्या. एक पीव्हीसी. हे मूळचं कडक, ठिसूळ प्रकरण, १९२६ मधे अमेरिकेत वाल्डो सेमन हा केमिस्ट रबर धातूला चिकटवायचा पदार्थ शोधत होता आणि त्या नादात त्याला पीव्हीसी मऊ, लवचिक करायची युक्ती सापडली. त्यातून पुढं हवा भरायचे सगळे प्रकार आले, पोहायच्या ट्यूबा, हवेची गादी, बदकं, आणि हवा भरलेली रिंग टाकायची लक्ष्यं. दुसरी वस्तू म्हणजे पॉलिथिनचा फोम, ज्याच्यात बंद बुडबुडे असतात म्हणून पाणी आत शिरत नाही. पूलमधे ते लांब रंगीत नूडल दिसतात ना, ते कॅनडात १९८० च्या दशकात आले, आणि तो फोमचा दांडा मुळात बांधकामातल्या फटी बुजवायचा माल होता. आमच्या भाच्याची पाटी ह्याच फोमच्या घराण्यातली.

मऊ का पाहिजे ह्याला एक वाईट उदाहरण पण आहे. अमेरिकेत अंगणात टोकदार जड डार्ट वर उडवून जमिनीवरच्या रिंगणात पाडायचा खेळ खूप चालायचा, त्यात लहान मुलांचे जीव गेले आणि १९८८ च्या डिसेंबरात तिथल्या सरकारनं विक्रीवर सरळ बंदी घातली. आपल्याकडं १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघूनच घ्यावं. भाच्याच्या खोक्यावर नव्हता, हे मी नंतर बघितलं.

आता तरंगत्या पाटीवर नेम एवढा अवघड का, तर पाटी पळते. पिशवी पाटीच्या कडेवर आपटली की पाटीला पुढं ढकलते, एक कोपरा दबतो, दुसरा उचलतो, आधीची पिशवी घसरून पाण्यात. वर कुणीतरी पोरगं मुटका मारतं आणि लाट येते. थोरल्या भाच्याचं धाकट्याला चालू, "नीट टाक की बे, पाटी काय पळून जालालीय का," आणि ती खरंच पळत होती. शेवटी आम्ही नाड्यानं शिडीला बांधली, पण मग ती गोल गोल फिरायला लागली. दोन बाजूंनी दोन नाड्या बांधल्यावर जरा माणसात आली.

पाण्यात उतरायचा बांधीव हौद आपल्याला नवा नाही, मोहेंजोदडोचा सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, डांबराचा थर दिलेला. पण आमच्या पिढीचा पूल म्हणजे विहीर. पाठीला डबा नायतर वाळका भोपळा बांधून ढकलून द्यायचे, तीन दिवसांत पोहायला येतंच. पांढरा दगड टाकून बुडी मारून वर आणायचा, पाण्यात शिवाशिवी, आणि आमच्या गावच्या विहिरीत आम्ही डालड्याचा रिकामा डबा सोडून काठावरून त्याला दगड मारायचो. डबा बुडला की जिंकला. म्हणजे ते ग्रीक काय करत होते तेच, फक्त वाईनऐवजी मुरूम. आबा मोटेवरून ओरडायचे, "दगड टाकू नका रे भाड्यांनो, गाळ काढायला तुमचा बाप येणार हाय का!" फेकायची वस्तू बुडणारी असली की हा प्रॉब्लेम होणारच. आता विहिरी आटल्या किंवा बुजवल्या, द्राक्षं-डाळिंबवाल्यांची शेततळी आली, पण तिथं हा खेळ न्यायचा विचार पण करू नका, खालचं प्लॅस्टिक शेवाळलेलं असतं, पट्टीचा पोहणारा पण वर येऊ शकत नाही.

रिंग टाकायची हौस मात्र सोलापूरकर संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत भागवतो. होम मैदानावर सिद्धेश्वरांच्या यात्रेत दर वर्षी ते स्टॉल असतात, साबण, स्टीलचा ग्लास, मधेच एखादं भारी घड्याळ, आणि रिंग अशी की वस्तूपेक्षा जेमतेम बोटभर मोठी. साबणावर सहज पडते, घड्याळावर पडली तर बघायचं. मी गेली तीस वर्षं ते घड्याळ बघतोय.

चौथी पिशवी, जी भिजली नव्हती, ती घरीच राहिली. आई ती तव्यावर गरम करून गुडघा शेकते, टॉवेलचं कापड असल्यामुळं चटका बसत नाही म्हणते. अक्काला आणखी दोन शिवायला सांगितल्यात, ज्वारीच्याच.