पुन्हा शिकायला जाताना जुन्या शैक्षणिक कर्जाचं काय होतं: पार्श्वभूमी

बी.ई. झाल्यावर वर्ष-दोन वर्षं नोकरी करून एखाद्याला एम.टेक.ला प्रवेश मिळतो. तो बोनाफाईड घेऊन बँकेच्या शाखेत जातो आणि विचारतो, “आता माझे हप्ते थांबतील ना?” काउंटरपलीकडून कधी “हो” येतं, कधी “तसं नसतं”, बरेचदा “साहेबांना विचारा”. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण या प्रश्नाचं उत्तर एका नियमात नाही. साठेक वर्षांत थरावर थर चढले आणि त्या थरांत ते विखुरलंय.

सगळ्यात जुना थर आता कुणाला आठवतही नाही. 1963 मध्ये केंद्र सरकारने हुशार पण गरजू मुलांसाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली. ती बिनव्याजी होती. शिक्षकी पेशात गेलेल्याचं कर्ज दर वर्षी एक दशांश माफ होत असे. वसुली मात्र यथातथाच राहिली आणि योजना मागे पडली. व्याजच नसल्यामुळे ‘शिकताना व्याजाचं काय’ हा प्रश्न तेव्हा उद्भवलाच नव्हता.

तो उद्भवला 2001 मध्ये. बँकांच्या संघटनेने आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली, रिझर्व्ह बँकेने ती राबवायला सांगितली, आणि आज आपण ज्याला एज्युकेशन लोन म्हणतो ते तिथून घरोघरी पोचलं. चार लाखांपर्यंत तारण नाही, त्यापुढे जामीनदार, साडेसात लाखांच्या वर तारण, हा सगळा भाग पालकांना तोंडपाठ असतो. वांधा होतो तो मोरॅटोरियमच्या, म्हणजे हप्ते न भरण्याच्या काळाच्या, कलमाशी. मूळ योजनेत अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, यांतलं जे आधी येईल तोवर हप्ता नाही, असं होतं. पुढच्या सुधारणांत नोकरीची अट गेली आणि सरसकट अभ्यासक्रम अधिक एक वर्ष झालं. परतफेडीची मुदतही पाच-सात वर्षांवरून पंधरा वर्षांपर्यंत ताणली गेली.

या काळाला योजनेच्या इंग्रजी मसुद्यात दोन शब्द आलटून पालटून वापरलेत, ‘मोरॅटोरियम’ आणि ‘रिपेमेंट हॉलिडे’. माझ्या मते निम्मा घोळ या दुसऱ्या शब्दाने केला. हॉलिडे म्हटलं की आपल्याला सुट्टी ऐकू येते, आणि सुट्टीत मीटर बंद असणार असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सुट्टी फक्त हप्त्याला असते. पासबुक भरून आणलं तर ते डोळ्यांना दिसतं: कॉलेजला फी गेल्याची एक मोठी नोंद, मग दर महिन्याला ‘व्याज’ अशी एकेक ओळ, आणि उजवीकडच्या रकान्यात बाकी चढत चाललेली. मुलगा दुसऱ्या सेमिस्टरला असतो, हप्ता भरायची वेळ चार वर्षं लांब असते, तरी आकडा वाढतच राहतो.

आता यातला खरा गुंता. योजना म्हणते की मोरॅटोरियममध्ये सरळव्याज लावायचं. बँकाही तेच सांगतात आणि ते खरं आहे. पण त्याच योजनेत पुढे असंही आहे की हा काळ संपला की साचलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि त्या एकत्रित रकमेवर हप्ता बसवायचा. म्हणजे शिकताना सरळ असलेलं व्याज शिक्षण संपल्यावर स्वतःच मुद्दल होतं आणि पुढची दहा-पंधरा वर्षं व्याज खात राहतं. “सरळव्याज सांगितलं होतं, मग चार लाखांवर एवढा हप्ता कसा?” असं विचारणाऱ्या बापाला कुणी फसवलेलं नसतं. त्याला फक्त पहिलं वाक्य समजावलेलं असतं.

चार वर्षांच्या पदवीसाठी दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख उचलले आणि दर 10 टक्के धरला, तर पदवी अधिक एक वर्ष संपताना पहिल्या लाखावर 50 हजार, दुसऱ्यावर 40, तिसऱ्यावर 30, चौथ्यावर 20, असं 1 लाख 40 हजार व्याज साचतं. ते चार लाखांत मिळवलं की मुद्दल होतं 5 लाख 40 हजार. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण 7,140 रुपये.

पुन्हा शिकायला जाणाऱ्याची गोष्ट इथे सुरू होते. योजनेत टॉप-अप कर्जाची सोय आहे: पहिल्या कर्जाच्या मोरॅटोरियममध्येच पुढचं शिक्षण सुरू झालं, तर एकूण मर्यादेत राहून वाढीव कर्ज देता येतं आणि जुन्याची योग्य ती फेरआखणी करता येते. ‘योग्य ती फेरआखणी’ या तीन शब्दांत दोन वेगळे हिशेब मावतात. एक असा की मोरॅटोरियम सलग लांबवला, व्याज शेवटपर्यंत सरळ राहिलं. वरच्याच उदाहरणात दोन वर्षं वाढली तर व्याज 2 लाख 20 हजार, एकूण 6 लाख 20 हजार. दुसरा असा की पहिला काळ संपताच व्याज मुद्दलात गेलं आणि मग नवी दोन वर्षं 5 लाख 40 हजारांवर मोजली. एकूण 6 लाख 48 हजार. हप्त्यात फरक महिना 370 रुपयांचा, पण दहा वर्षं दर महिन्याचा. फेरआखणीच्या पत्रात यांतला कोणता हिशेब धरलाय हे लेखी मागून घेणारे फार थोडे असतात.

आणि ज्याचे हप्ते सुरू झालेत, त्याची गत आणखी वेगळी. टॉप-अपच्या सोयीतली ‘मोरॅटोरियममध्येच’ ही अट त्याला बाहेर ठेवते. नव्या कर्जाला नवा मोरॅटोरियम मिळतो, जुन्याचा हप्ता मात्र चालूच. सुधारित योजनेत बेरोजगारीच्या किंवा अपुऱ्या कमाईच्या काळासाठी हप्ते थांबवण्याची तरतूद आली, पण ती नोकरी नसलेल्यासाठी आहे, नोकरी सोडून वर्गात बसलेल्यासाठी नव्हे. लगेच पुढे शिकणाऱ्याला सवलत आणि दोन वर्षं अनुभव घेऊन येणाऱ्याला नाही, हा भेद मला कधीच पटलेला नाही.

व्याज सवलतींचंही असंच. 2009-10 पासून केंद्राने साडेचार लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांचं मोरॅटोरियममधलं पूर्ण व्याज उचललं. तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रम, तेही भारतातले. एक अट फार जड: लाभ एकदाच, पदवीला किंवा पदव्युत्तरला. बी.ई.ला घेतला असेल तर एम.टेक.ला नाही. मधेच शिक्षण सोडलं तरी नाही, आजारपणाचा अपवाद सोडून.

त्याआधी कर्ज घेतलेले यातून सुटले होते. त्यांच्यासाठी फेब्रुवारी 2014 च्या अंतरिम अर्थसंकल्पात घोषणा झाली: 31 मार्च 2009 पर्यंत घेतलेल्या कर्जांवर 31 डिसेंबर 2013 ला थकलेलं व्याज सरकार भरणार. सुमारे 9 लाख कर्जदार, अंदाजे 2,600 कोटी रुपये. निवडणुका तोंडावर होत्या हे वेगळं सांगायला नको. ज्यांनी पोटाला चिमटा काढून व्याज वेळच्या वेळी भरलं होतं, त्यांच्या नावावर थकलेलं काही नव्हतंच, म्हणून त्यांना काहीच मिळालं नाही.

वेळच्या वेळी व्याज भरण्याला उत्तेजन म्हणून योजनेत एक टक्का दरसवलत आहे. पण ती आयकराच्या एका कलमाशी टक्कर घेते. 80-ई खाली शैक्षणिक कर्जाचं व्याज वजा करता येतं. पूर्वी मुद्दल आणि व्याज मिळून 40 हजारांची मर्यादा होती. 2005-06 पासून फक्त व्याज, पण मर्यादेशिवाय. वजावट मिळते ती मात्र व्याज भरायला लागल्यापासून आठच वर्षं. कर्जदार विद्यार्थ्याने शिकतानाच भरायला सुरुवात केली की हे घड्याळ सुरू होतं, आणि तेव्हा त्याला करपात्र उत्पन्नच नसतं. मधे दोन वर्षं पुन्हा शिकायला गेलात तरी ते थांबत नाही. नव्या कररचनेत तर ही वजावटच नाही.

2020 मध्ये ‘मोरॅटोरियम’ हा शब्द अचानक सगळ्यांच्या तोंडी आला. मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबले, व्याजावर व्याज चढलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबरमध्ये सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळव्याज यांतला फरक परत केला, त्यात शैक्षणिक कर्जंही होती. मार्च 2021 च्या निकालाने त्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज सगळ्यांनाच माफ झालं. तेव्हापासून शाखांमध्ये “आमचंही मोरॅटोरियमचं व्याजावरचं व्याज माफ करा” म्हणणारे विद्यार्थी येऊ लागले. शब्द एकच, पण तो निकाल त्या सहा महिन्यांपुरता होता आणि शैक्षणिक कर्जातलं व्याज मुद्दलात मिळवण्याचं कलम जसंच्या तसं राहिलं.

नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलांना, इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत नसेल तर, 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियममध्ये तीन टक्के व्याज सवलत आहे. वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना, निवडक संस्थांसाठी. दर 10 टक्के असेल तर उरलेले सात टक्के, म्हणजे पूर्ण 10 लाख उचललेल्याच्या नावावर वर्षाला 70 हजार, पासबुकात चढतच राहतात.