एलसी म्हणजेच लेटर ऑफ क्रेडिट

एलसी म्हणजे परदेशी खरेदीदाराच्या बँकेने माल विकणाऱ्याला दिलेली लेखी हमी: ठरलेले कागद ठरलेल्या मुदतीत बरोबर दिलेत तर पैसे आम्ही देऊ, मग खरेदीदाराचा मूड काहीही असो. सोलापुरातून टेरी टॉवेल बाहेरदेशी जातात तिथे हा प्रश्न कायमचाच, की अनोळखी पार्टीला आधी माल पाठवायचा की आधी पैसे मागायचे? पार्टी म्हणते माल दाखव, आपण म्हणतो पैसे दाखव, आणि दोघांचंही बरोबरच असतं, म्हणून मध्ये बँक बसते.

ऑर्डर ठरली की पार्टी तिकडे एलसी ओपन करते, ती स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेशजाळ्यावरून, आपल्या बँकेत येते, आपली बँक ती खरी आहे ना एवढं बघून कळवते. मग माल विणा, पॅक करा, कंटेनर न्हावाशेवाला लावा, जहाजावर चढला की बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची माल चढल्याची पावती, घ्या, आणि ते इनव्हॉइस, पॅकिंग लिस्टसकट बँकेत द्या.

आता खरी गोम. बँक टॉवेल बघतच नाही! ती फक्त कागद बघते. जगभर यासाठी पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे यूसीपी ६०० हे नियम चालतात, १ जुलै २००७ पासूनचे, एकूण ३९ कलमं. त्यात बँकेला कागद तपासायला जास्तीत जास्त ५ बँकिंग दिवस, आणि एलसीत वेगळं काही लिहिलं नसेल तर शिपमेंटनंतर २१ दिवसांच्या आत कागद द्यायचे, तेही एलसीची मुदत संपायच्या आत. टॉवेल एक नंबर असला तरी इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीशी जुळलं नाही किंवा माल लेट चढला तर डिस्क्रिपन्सी म्हणजे कागदांत तफावत असल्याचा शेरा लागतो, बँकेची हमी सुटते आणि पेमेंट पार्टीच्या मर्जीवर जातं, त्यात भाव पडलेले असले तर ती डिस्काउंट मागणारच. उलट बाजूने पण तसंच, कागद चोख असतील तर माल हलका निघाला तरी बँक पैसे देते, म्हणून शहाणा खरेदीदार तिसऱ्या एजन्सीचं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट मागतो. ते ठीक. पण सर्टिफिकेटवर खुद्द खरेदीदाराचीच सही हवी असं कलम दिसलं तर एलसी बदलून मागा, कारण त्याने सहीच केली नाही तर हमीला काय अर्थ राहिला?

प्रकार बरेच आहेत, कामाचे दोन-तीन. साइट एलसीत कागद पास झाले की पैसे, युझन्समध्ये समजा ९० दिवसांनी, तोवर सुताचं बिल आणि कामगारांचा पगार आपल्याच खिशातून, नाहीतर बिल डिस्काउंट करून, म्हणजे बँकेकडून पैसे आधीच उचलून, व्याज भरा. तिकडची बँक किंवा तो देशच डळमळीत वाटला तर कन्फर्म्ड एलसी घ्यावी, म्हणजे दुसरी एखादी भक्कम बँक पण स्वतःची हमी जोडते, अर्थात चार्जेस वाढतात. जुन्या ओळखीच्या पार्टीबरोबर मात्र बरेच जण एलसीच्या भानगडीत न पडता थोडा ॲडव्हान्स घेऊन उधारीवर माल देतात आणि पैसे बुडायच्या भीतीपोटी १९५७ साली सुरू झालेल्या ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीचा विमा काढतात.