आंब्याची छाटणी: कधी, कुठे, किती

झाड हिरवंगार, पण मोहोर फक्त शेंड्याला आणि फळं चौथ्या मजल्यासमोर. ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांमधून येणारी नेहमीची तक्रार. इमारतींच्या मधल्या झाडाला ऊन वरूनच मिळतं. आतली काडी सावलीत राहते आणि सावलीतली काडी मोहोरत नाही.

हापूसचा मोहोर पक्व काडीच्या टोकाला येतो. त्यामुळे हलकी छाटणी फळं उतरवल्यावर लगेच, जोराचा पाऊस लागण्याआधी करावी. त्यानंतरची पालवी थंडीपर्यंत पक्व होते. सप्टेंबरनंतर शेंडे कापले, तर ऐन थंडीत मोहोराऐवजी पालवी फुटते. जुनाट झाडाच्या जाड फांद्या कापून करायचं पुनरुज्जीवन मात्र पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. अशा झाडाकडून पुढची दोन-तीन वर्षं फळांची आशा धरू नका.

आधी वाळकी आणि एकमेकींवर घासणारी फांदी काढतो. बांडगूळ नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं, म्हणून ते गाठीच्या खालून, आंब्याच्या फांदीसकट कापावं लागतं. मग मधोमध सरळ वर गेलेली एखादी फांदी, की ऊन आत उतरलंच. एका वर्षात पाव भागाहून जास्त पानोरा काढत नाही. पावसाळ्याआधी सरसकट डोकं उडवणं ही आंब्याची छाटणीच नव्हे: नुसते धुमारे माजतात, उघडी पडलेली साल उन्हाने भाजते आणि तिथेच खोडकिडा शिरतो.

मनगटाहून जाड फांदीला तीन काप. बुंध्यापासून फूटभर अंतरावर पहिला खालून, एक तृतीयांश जाडीपर्यंत; दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून; उरलेला खुंट बुडाच्या फुगीर कड्याला धक्का न लावता. खालचा काप चुकवला की फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते.

जखमेवर त्याच दिवशी बोर्डो मलम: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचे. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहावा; तांबूस थर चढला तर चुना वाढवावा. कापाखाली फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी बाहेरच्या दिशेचे दोन-तीनच राखावेत. ही विरळणी बहुतेक जण विसरतात आणि दोन वर्षांत झाड पुन्हा होतं तसं दाट होतं.

काम ठरवण्याआधी सोसायटीने महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी घ्यावी. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली विनापरवाना तोड हा गुन्हा आहे. झाडाखालच्या गाड्या आदल्या रात्रीच हलवा. आंब्याचा चीक अंगावर उडाला तर कातडी भाजते, त्यामुळे मुलांना त्या दिवशी लांब ठेवा.