बाजारातल्या झिंग्याच्या रश्श्यामागे किती तलाव?

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मोठ्या आठवडी बाजारात मच्छीची ओळ संपते तिथे बहुधा एखादी चूल पेटलेली असते. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, झिंग्याचा नाहीतर खेकड्याचा रस्सा, वर तर्री आणि सांभार (कोथिंबीर), बाजूला भाताचं पातेलं. बारा वाजले की गर्दी हटत नाही. समुद्रापासून इतक्या लांबच्या मुलखात ही चव मुरली कशी, याचं उत्तर मसाल्यात सापडत नाही. त्यासाठी तलावाच्या पाळीवर जावं लागतं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पाऊस चांगला पडतो, पण धान निसवायच्या वेळी तो दगा देतो. म्हणून गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने उताराची जमीन हेरून मातीच्या पाळी घातल्या. तलाव बांधेल त्याला जमीन, असं राजाचं धोरण असल्याचं सांगतात. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे इंग्रजांनी मालगुजारी पद्धत आणली आणि तलाव गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या मालकीचे झाले. पाणी धानासाठी होतं. मासोळी ही वरकड मिळकत. जाळं टाकणारा ढिवर, म्हणजे मासेमार, आणि धनी दुसराच.

रस्सा जन्मला तो या वाटणीतून, असं मला वाटतं. मोठी मरळ वाड्यावर जायची. ढिवराच्या घरी उरायची बारकी मासोळी, डोकी, झिंगे आणि धानाच्या बांधीतले खेकडे. खेकडा कुटून, गाळून, त्याला आळण, म्हणजे पीठ, लावलं की थोडक्यात सगळं घर जेवतं. पोटभर मांस ज्यात नाही, त्याला चव आणायची तर पाणीच चवदार करावं लागतं. जवसाचं तेल घरचंच होतं. (आता तेही सगळीकडे मिळत नाही, आणि त्याने रश्श्याचं नुकसानच झालंय.)

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा झाले, त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा तलाव म्हणू लागले. ढिवरांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेऊ लागल्या. पण देखभाल कुणाची, हा प्रश्न लोंबकळला. गाळ साचला, बेशरम नावाचं तण माजलं. त्यातच १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन प्रजनन घडवून आणलं, आणि राहू, कटला, मृगळ यांचं बीज हुकमी मिळायला लागलं. तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, सोडायची, वाढवायची, विकायची. संस्थांचा हिशेब त्याने सोपा झाला, मात्र मरळ, वाम अशा गावठी जातींकडे लक्ष देणारं कुणी उरलं नाही.

झिंग्याची गोष्ट याहून अवघड. तळ्यात आणि बांधीत सापडणारा बारका झिंगा गोड्या पाण्यातच वाढतो. लांब नांग्यांचा मोठा झिंगा मात्र तसा नाही: वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याच्या पिलांना सुरुवातीचे काही आठवडे मचूळ, खाऱ्या अंशाचं पाणी लागतं. वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीला आणि तिथून बंगालच्या उपसागराला मिळतं. मादीला खाली खाडीपर्यंत जायचं असतं, पिलांना वर यायचं. वाटेत धरणं आली की हा प्रवास खुंटतो. म्हणून जलाशयात मोठा झिंगा हवा असेल तर बीज उबवणी केंद्रातून आणून सोडावं लागतं, आणि ते सोडलं नाही तर काही वर्षांत तो दिसेनासा होतो.

आजच्या बाजारात बर्फातून आलेली आंध्रची राहू-कटला स्वस्त पडते, आणि रश्श्याच्या गंजातही ती शिरली आहे. चुलीवाल्या बाईला विचारलं तर ती खरं तेच सांगते. पण झिंगे बोडीतले, म्हणजे छोट्या तळ्यातले, असले, की तिला विचारावं लागत नाही. ती स्वतःच ओरडून सांगते आणि ताटामागे जास्तीचे पैसे घेते.