अंगुस्तान: बोटाच्या टोपीमागची गोष्ट

लक्ष्मी रोडला लागून असलेल्या एका बोळात साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर फॉल-बीडिंग करणाऱ्या एक काकू बसतात. मांडीवर साडी, शेजारी रिळांचा डबा, तोंडात दोऱ्याचं टोक. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला औषधाच्या दुकानात मिळते ती पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली असते, दोन वेढे. संध्याकाळपर्यंत तिच्यावर सुईच्या नेढ्याचे बारीक ठसे उमटतात. दुसऱ्या दिवशी नवी पट्टी.

"काकू, अंगुस्तान का नाही वापरत?"

"कोण घालतंय ते! बोट बधिर होतं. सुई कळत नाही."

शिवणकामात किंवा हस्तकलेत बोटाला काय घालावं, हा प्रश्न हल्ली बऱ्याच जणी विचारतात. गोधडीची हौस परत आली आहे, लोकरीच्या बाहुल्या होतात, रुखवतासाठी मण्यांचं काम चालतं. बोटं टोचून घेतल्यावर शोध सुरू होतो आणि बाजारात गेलं की गोंधळ उडतो. तुळशीबागेत मी 'अंगुस्तान' मागितलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाने अंगठ्यांचा ट्रे पुढे केला. आतून त्याच्या वडिलांनी आवाज दिला, "अरे, शिंप्याचं ते!" आणि एका जुन्या खोक्यातून पितळी, दोन्ही बाजूंनी उघडी कडी काढून दिली. तिच्यावर माप लिहिलेलं नव्हतं. घालून बघायची, बसली की घ्यायची.

अंगठ्यांचा ट्रे काढणाऱ्या मुलाला हसायचं कारण नाही. शब्द फारसी. अंगुश्त म्हणजे बोट, आणि त्यावरूनच फारसीत अंगठीचाही शब्द आहे. आपल्याकडच्या संस्कृतातला अंगुष्ठ याच कुळातला, फक्त तो अंगठा. गंमत म्हणजे इंग्रजीतला थिंबलही अंगठ्याच्या शब्दावरूनच आला. नाव अंगठ्याचं आणि काम मात्र मधल्या बोटाचं.

बोट राखायची गरज शिंप्यासारखीच धनुर्धाऱ्यालाही पडली. वाल्मीकि रामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांमागून निघालेल्या राम-लक्ष्मणांनी बोटांना घोरपडीच्या कातड्याचं अंगुलित्राण बांधलेलं आहे. सिंहगडाच्या गोष्टीमुळे पुणेकराला घोरपड म्हटली की दोरच आठवतो, पण तिचं चिवट कातडं असंही उपयोगी पडलं. मोगल काळात तिरंदाज अंगठ्यात जेडची किंवा हस्तिदंताची कडी घालत, कारण त्यांच्या पद्धतीत प्रत्यंचा अंगठ्याने ओढायची असे. एकीकडे मऊ कातडं, दुसरीकडे कडक कडी. आजच्या दुकानातही निवड याच दोहोंतून करायची असते.

शिंप्यांची हत्यारं म्हटल्यावर नामदेव आठवणारच. गुरू ग्रंथसाहिबात त्यांचं एक पद आहे: मन हा कापड मोजायचा गज, जीभ ही कातर, सुई सोन्याची, धागा रुप्याचा. सगळी पेटी उघडून दाखवली आहे, फक्त अंगुस्तान त्यात नाही. यावरून ते वापरत नसत असं म्हणता येणार नाही. कवितेत प्रत्येक अवजार यायलाच हवं असं कुठे आहे? पण कसबा पेठेतल्या शिंपी आळीवरून जाताना मला दर वेळी ती राहून गेलेली वस्तू आठवते.

युरोपात मात्र या टिकलीएवढ्या वस्तूचा मोठा धंदा झाला. जर्मनीतलं न्यूरेंबर्ग पितळी अंगुस्तानांसाठी नावाजलेलं होतं. अॅम्स्टरडॅमच्या एका सोनाराने 1684 मध्ये एका बाईंना भेट देण्यासाठी पहिलं अंगुस्तान घडवलं, अशी गोड गोष्ट सांगतात. ती खरी मानू नये. न्यूरेंबर्गचे कारागीर त्याच्या कितीतरी आधीपासून ती ढीगभर बनवत होते. खरं वळण आलं 1693 मध्ये. जॉन लॉफ्टिंग या डच माणसाने इंग्लंडमध्ये अंगुस्तान बनवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आधी लंडनजवळ इझलिंग्टनला, मग पाण्यावर यंत्र चालवता यावं म्हणून थेम्सकाठच्या मार्लोला त्याने कारखाना नेला.

जुन्या अंगुस्तानावरचे खळगे हाताने, एकेक ठोकून पाडलेले असत, त्यामुळे रांगा वाकड्या. यंत्र आल्यावर खळगे सरळ ओळीत आले. आपल्या तांबट आळीत ज्यांनी मठारकाम पाहिलं आहे त्यांना हा फरक लगेच कळेल: हातोडीच्या प्रत्येक घावाचा डोळा शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा. तांब्याच्या हंड्यावर त्या डोळ्यांनी पत्रा कडकही होतो आणि देखणाही दिसतो. अंगुस्तानावरचा खळगा वेगळ्या कामाचा. सुईचं नेढं त्यात अडकून राहतं, घसरत नाही. खळगे झिजून गुळगुळीत झालेलं अंगुस्तान म्हणूनच निरुपयोगी. नेढं सटकतं आणि थेट नखाखाली जातं.

चांदीचं अंगुस्तान दिसायला छान, पण चांदी मऊ. सुई आरपार जायची. 1884 मध्ये चार्ल्स हॉर्नर याने चांदीच्या दोन थरांमध्ये पोलाद घालून 'डॉर्कस' नावाचं अंगुस्तान काढलं. पहिल्या महायुद्धात, 1915 पासून, इंग्लंडमधल्या बायकांनी आपली मोडकी, भोकं पडलेली चांदीची अंगुस्तानं गोळा करून दिली. ती वितळवून आलेल्या पैशांतून जखमी सैनिकांसाठी गाड्या घेतल्या गेल्या.

पुण्यात शिवणकाम शिंप्याच्या दुकानातून बायकांच्या वर्गात आलं त्यात सेवासदनासारख्या संस्थांचा वाटा मोठा. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात बायकांना पोटापाण्याला उपयोगी पडेल असं शिवणटिपण शिकवलं जाई. पण तोवर मशीन आलेलं होतं. सिंगरचं पेटंट 1851 चं. लांबच लांब टीप मशीनने घ्यायची, हाताला उरलं काज, बटण, तुरपाई आणि फॉल. एवढ्याशा कामाला अंगुस्तान कशाला, असं वाटून ते पेटीच्या तळाशी गेलं. काकूंची चिकटपट्टी तिथूनच सुरू होते.

आता खरेदीचं. आधी एकच गोष्ट ठरवायची: टोचतं ते कुठलं बोट आणि कुठल्या टोकाने? ढकलणाऱ्या बोटाला नेढं टोचतं. कापड खालून धरणाऱ्या बोटाला सुईची अणी टोचते. दोघांना एकच टोपी चालत नाही, आणि लोक फसतात ते इथेच.

ढकलायला धातूच हवा. शिंपी बोट वाकवून नखाच्या बाजूने सुई ढकलतो, म्हणून त्याच्या कडीचं तोंड उघडं. बोटाचं टोक मोकळं राहतं, कापड कळतं. आपण घरी शेंड्याने ढकलतो, म्हणून आपल्याला बंद टोपी बरी वाटते. जपानात तर साधी कडी मधल्या बोटाच्या दोन पेरांमध्ये अंगठीसारखी घालतात. काकूंच्या 'बधिर होतं' या तक्रारीवर उघडी कडी हाच जुना तोडगा आहे, तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही इतकंच.

गोधडीत, वाकळीत पाच-सहा थरांतून सुई घुसते खरी, पण बाहेर ओढताना चिमटीतून सुटते. तिथे बँकेतले कॅशिअर नोटा मोजताना घालतात ती रबरी टोपी कामी येते. ती स्टेशनरीच्या दुकानात मिळते, शिवणाच्या नाही. पकड उत्तम, बचाव शून्य. अणी तिच्यातून सहज आरपार जाते.

लोकर ठोकून बाहुल्या करणाऱ्यांची सुई वेगळीच, अंगाला बारीक काटे असलेली आणि ठिसूळ. ती धातूच्या टोपीवर आपटली तर मोडते. तिथे धरणाऱ्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला चामड्याच्या टोप्या हव्यात. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला हस्तकलेच्या सामानात विचारून पाहावं. नाहीतर जुन्या पाकिटाच्या चामड्याचे दोन तुकडे बोटाच्या आकाराचे कापून कडेने शिवले की झालं. मी तेच केलं. आणि ग्लू गन वापरणाऱ्यांना सुईशी देणंघेणं नाही, त्यांना उष्णतेशी आहे: काही गनमधला गोंद 190 अंशांच्या आसपास तापतो, त्यासाठी सिलिकॉनच्या टोप्या येतात. तिथे साधं रबर नको.

माप घेताना कडी मधल्या बोटात घालून हात खाली सोडून हलवावा. पडली तर सैल. बोटाचं टोक लाल झालं तर घट्ट.

तुळशीबागेतून मी दोन कड्या घेतल्या होत्या. एक काकूंना नेऊन दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, बोटात घातली, सैल झाली म्हणून काढली. मग रिळांच्या डब्यातून चिकटपट्टी काढली, बोटाला दोन वेढे दिले आणि त्यावर कडी चढवली. आता हलत नव्हती.