चुलीवरून आलेले वॉफल

विदर्भात तालुक्याच्या गावी काडीला लावून, वर चॉकलेट ओतून मिळणारे वॉफल, म्हणजे दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये पीठ भाजून केलेला चौकटी-चौकटींचा पदार्थ, आता नवलाचे राहिलेले नाही. बाजाराच्या दिवशी ते खाल्लेली मुले घरी येऊन तसेच करून मागतात, तेव्हा बहुतेक घरांतून एकच उत्तर मिळते: त्याला विजेचे यंत्र लागते, तयार पिठाचा पुडा लागतो, हे आपल्या चुलीवर होणारे काम नव्हे. या पदार्थाचा इतिहास मात्र नेमका उलट आहे. किमान पाचशे वर्षे वॉफल उघड्या जाळावरच भाजले गेले आणि वीज त्याच्या वाट्याला जेमतेम शंभर वर्षांपूर्वी आली.

मध्ययुगीन युरोपात चर्चमधील प्रसादाची बिनखमिराची पातळ चकती लोखंडाच्या दोन पत्र्यांमध्ये दाबून भाजत असत. पत्र्यांच्या आतल्या बाजूवर धार्मिक चिन्हे कोरलेली असत आणि हात पोळू नयेत म्हणून त्यांना लांब दांडे जोडलेले असत. याच साच्यांतून ‘उब्ली’ नावाची खाण्याची चकती निघाली आणि ती विकणाऱ्यांचा संघ पॅरिसमध्ये १२७० मध्ये उभा राहिला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील एका वयस्क गृहस्थाने आपल्या तरुण पत्नीसाठी घर चालवण्याची माहिती लिहून ठेवली (तिला ती हवी होती का, हा प्रश्न वेगळा). त्या माहितीत अंडी फेटून, मीठ व वाइन घालून, पीठ कालवून ते दोन लोखंडांमध्ये भाजावे, अशी कृती सापडते. तिच्यात फुगवण्यासाठी काहीही नाही, म्हणजे त्या काळचे वॉफल पातळ आणि कडक असणार. खोल चौकटींचा जाड प्रकार पुढे आजच्या बेल्जियम व नेदरलँड्सच्या प्रदेशात रुळला. पीटर ब्रूगेल याच्या १५५९ च्या एका प्रसिद्ध चित्रात रस्त्यावर जाळ करून वॉफल भाजणारी बाई दिसते, आणि ती श्रीमंताघरची नक्कीच नाही. त्या भागात साच्यावर नाव किंवा घराण्याचे चिन्ह कोरून तो लग्नात भेट देत असत. रुखवतातील भांड्यांवर नावे घालणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

डच वसाहतवाल्यांबरोबर हा साचा सतराव्या शतकात अमेरिकेत गेला. तेथे लोखंडी शेगड्या आल्यावरही जुनी अडचण राहिली, ती साचा उलटण्याची. एका बाजूने भाजल्यावर जड, तापलेला साचा उचलून फिरवावा लागे, आणि त्यात पीठ सांडे किंवा हात भाजे. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट याने साचा जागच्या जागी फिरवता येईल अशी बिजागरी व दांड्याची रचना करून २४ ऑगस्ट १८६९ रोजी तिचे पेटंट घेतले. आपल्या घरोघरी असलेला, गॅसवर धरायचा सँडविचचा टोस्टर याच तत्त्वावर चालतो. निखाऱ्यांवर तो धरला, तर वॉफलची चव त्यातही मिळते. चौकटी तेवढ्या उथळ येतात.

साच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न पीठ फुगण्याचा होता. सुरुवातीला बिअरच्या फेसातले यीस्ट घालून पीठ काही तास ठेवत किंवा अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून हलक्या हाताने मिसळत. बेल्जियममधील लिएज शहराच्या वॉफलमध्ये आजही यीस्टच असते आणि साखरेचे जाड खडे त्यात वितळून बाहेरून कडक होतात. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा बाजारात सहज मिळू लागला आणि अमेरिकेच्या खेड्यांतील बायकांनी तो ताकात घालायला सुरुवात केली, कारण ताकाच्या आंबटपणाने सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ लगेच हलके होते. बेकिंग पावडर नंतर रुळली. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड याने १८४३ मध्ये ती केली, कारण त्याच्या पत्नीला यीस्ट आणि अंडी सोसत नसत. म्हणजे ज्याला अस्सल घरगुती म्हणतात, त्या वॉफलची जुनी सामग्री ताक, सोडा, लोणी आणि पीठ हीच आहे, आणि ज्या घरी गाय किंवा म्हैस आहे त्या घरी ती आजही हाताशी असते.

विजेचे साचे १९१० च्या दशकात आले. फ्रँक डोर्सा याचे गोठवलेले वॉफल १९५३ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या १९६४ च्या जागतिक मेळ्यातले, साय व स्ट्रॉबेरी घातलेले ‘बेल्जियन’ वॉफल हे पुढचे टप्पे होत. त्यातूनच हा पदार्थ दुकानाचा झाला. खेड्यात विजेच्या साच्याची खरी अडचण कमी दाबाने येणाऱ्या विजेची आहे. २३० व्होल्टऐवजी १७० व्होल्ट आले, तर उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते, साचा तापायला वेळ घेतो आणि पीठ ओतताच पुन्हा थंड पडतो. अशा संध्याकाळी बिडाचा साचा आणि निखारे अधिक भरवशाचे ठरतात.

प्रमाण सोपे आहे: २५० ग्रॅम मैदा, सुमारे ४०० मिलिलिटर घट्ट ताक, ७५ ते १०० ग्रॅम वितळवलेले लोणी, २ अंडी, १ लहान चमचा सोडा, थोडे मीठ व साखर. सोडा जास्त झाला, तर रंग पिवळट येतो आणि साबणासारखी चव लागते. पीठ पळीतून जाड धारेने पडेल इतपत ठेवावे आणि गुठळ्या मोडण्यासाठी फार घोटू नये, नाहीतर वॉफल चिवट होते. मिटलेल्या साच्याच्या कडांतून आधी जोरात वाफ येते, मग ती विरळ होत थांबते. ती थांबण्याआधी साचा उघडला, तर वॉफल मधून फाटून त्याचा एक थर वरच्या आणि एक खालच्या पत्र्याला चिकटतो. अंडे स्वयंपाकघरात चालत नसेल, तर ते वगळून लोणी थोडे वाढवावे आणि साच्याला प्रत्येक वेळी तूप लावावे. असे वॉफल कमी फुगते आणि लवकर नरम पडते, म्हणून ते साच्यातून काढताच वाढावे.