ऐकून घेणे व खासगीपणा (किशोरवयातील)

किशोरवयीन मुलेमुली, त्यांचे मित्रमैत्रिणी आणि पालक यांच्यातील विश्वास दोन व्यवहारांवर उभा असतो : समोरच्याचे बोलणे पूर्ण ऐकून घेणे आणि ऐकलेले आपल्यापाशी ठेवणे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या काळाला किशोरावस्था मानते. या काळात मूल घरापासून थोडे दूर सरकून स्वतःचे वर्तुळ उभे करते आणि आपली कोणती गोष्ट कोणाला कळावी हे स्वतः ठरवू लागते. घरच्यांना हा बदल अनेकदा लपवाछपवी वाटतो; प्रत्यक्षात तो वाढीचाच भाग असतो.

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदात आज्ञा पाळणे हाही अर्थ आहे. ‘मुलगा अजिबात ऐकत नाही’ ही घरोघरची तक्रार कानांविषयी नसते. त्यामुळे ऐकण्याची अपेक्षा बहुधा धाकट्यांकडूनच केली जाते, आणि मोठ्यांनी करायच्या कृतीसाठी ‘ऐकून घेणे’ असा वेगळा शब्दप्रयोग वापरावा लागतो. गुपिताच्या बाबतीतही भाषा नेमकी आहे. विश्वासाने सांगितलेले ‘पोटात ठेवायचे’ असते; दोघांच्या चार कानांपलीकडे तिसऱ्याच्या कानी गेले, की ते ‘षट्कर्णी’ होते.

ऐकून घेण्याच्या कौशल्याची आधुनिक मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये ‘सक्रिय श्रवण’ या संकल्पनेद्वारे केली. बोलणाऱ्याच्या शब्दांबरोबर त्यांमागची भावनाही समजून घेणे, ती समजली आहे हे त्याला जाणवू देणे आणि निवाडा किंवा उपदेश करण्याची घाई टाळणे, हा तिचा गाभा होय. ‘मला त्या क्लासला जायचे नाही’ असे मुलगी म्हणाली आणि ‘फी भरून झाली आहे’ असे उत्तर आले, तर संभाषण तिथेच संपते. ‘नकोसे वाटते आहे का? काय झाले?’ एवढे विचारून आई-बाबा गप्प राहिले, तर शिकवणीची गती झेपत नसल्याचे, किंवा वाटेत कोणी त्रास देत असल्याचे, पुढच्या वाक्यात कळू शकते. हे गप्प राहणेच सर्वांत अवघड असते, कारण काळजीने भरलेल्या पालकाच्या ओठांवर उपाय आधीच तयार असतो.

मुलांवर बारीक नजर ठेवली म्हणजे त्यांचे सगळे कळते, असा समज दीर्घकाळ होता. स्वीडनमधील किशोरांचा अभ्यास करून हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली त्याला छेद दिला. पालकांना असलेली माहिती प्रामुख्याने मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे मिळालेली असते, चौकशी वा निर्बंधांमुळे त्या मानाने कमी, असे त्यांना आढळले. दप्तर तपासणे, रोजनिशी चोरून वाचणे किंवा मोबाइलवरील संदेश उघडून पाहणे यांतून एखादी बाब हाती लागते; पण ते मुलाला कळले, की आपणहून सांगण्याचा झरा आटू लागतो, आणि पालकाच्या दृष्टीने हे नुकसान फार मोठे आहे.

अमेरिकी संवाद-अभ्यासक सांड्रा पेट्रोनियो यांच्या खासगीपणाविषयक सिद्धान्तानुसार, एखादी गोष्ट ज्याला सांगितली तो तिचा सहमालक होतो आणि ती पुढे न्यायची की नाही याचे नियम दोघांनी ठरवायचे असतात. आईने मुलाची अडचण मायेपोटीच मावशीला सांगितलेली असते. मुलाच्या लेखी मात्र नियम मोडलेला असतो. मैत्रिणीने पाठवलेल्या संदेशाचे छायाचित्र वर्गाच्या गटात टाकणे हा त्याच चुकीचा अधिक जिव्हारी लागणारा प्रकार होय.

चाळीतल्या एका खोलीत किंवा दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र जागा मिळत नाही. तिथे गॅलरी, गच्ची आणि कट्टा हेच मुलांचे खासगी कोपरे ठरले. दार नसले तरी फोनवर बोलणाऱ्या मुलाकडे पाठ फिरवून, कान न देण्याची रीत घर पाळू शकते.

मुलाचे मत ऐकले जाणे आणि त्याच्या खासगी जीवनात मनमानी हस्तक्षेप न होणे हे दोन्ही हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद १२ व १६ मध्ये आहेत; भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

गुप्ततेला मर्यादा आहे. आत्महत्येचे विचार, लैंगिक अत्याचार किंवा जिवाला धोका यांविषयी कळलेले पोटात ठेवायचे नसते. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे सरसकट वचन म्हणूनच आधी देऊ नये. सांगावे लागणार असेल, तर कोणाला व का, हे शक्य तेथे त्या मुलालाच प्रथम सांगावे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीवरील लैंगिक अपराधाची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्याबद्दलची शिक्षा मात्र माहिती असलेल्या अल्पवयीन मित्राला लागू होत नाही. अशा मित्राला ते ओझे एकट्याने वाहावे लागू नये म्हणून १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. मानसिक त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा ‘टेलि-मानस’ क्रमांक उपलब्ध आहे, आणि महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाच्या किशोर आरोग्य केंद्रांत समुपदेशकाशी समोरासमोर बोलता येते.